मधलं पाऊल

प्रिय धाकट्या,

वर 'प्रिय' लिहिलं आहे ते मास्तरांनी पत्र लिहायला शिकवलं तेव्हापासून हाताला लागलेलं वळण आहे. आज त्याचा फार अर्थ लावू नकोस. मी तुझ्यावर चिडलो आहे. राग उतरेल म्हणून तीन आठवडे थांबलो, उतरला नाही, तेव्हा तो आहे तसाच कागदावर ठेवतो. फोन केला असता तर तू सवयीप्रमाणे 'दादा, एक मिनिट हं' म्हणाला असतास आणि ते मिनिट संपलं नसतं. कागद तुला मध्येच तोडता येणार नाही. फार तर तू तो वाचणार नाहीस, पण माझं अक्षर पाहून न वाचता ठेवशील इतका काही तू बदललेला नाहीस.

आमच्या मोठ्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई आहेत. डोंगरातल्या सात वस्त्यांवर पायी टपाल पोचवतात, म्हणून त्यांना सगळे टपालबाई म्हणतात. दोन वर्षांपूर्वी बसच्या चाकाखाली त्यांचा उजवा पाय गेला, पण गुडघ्याखाली. गुडघा राहिला. आमच्या कृत्रिम पायांच्या केंद्रात असा माणूस आला की आम्ही मनात देवाचे आभार मानतो, कारण स्वतःचा गुडघा असला की माणूस चढ चढतो, उतरतो, उकिडवा बसतो. गुडघा गेला की सपाट रस्त्यावरचं चालणंही जन्मभर मोजून मापून. या बाईंचा पाय मी केला. आता त्यांच्या उरलेल्या पायाच्या टोकाला जखम झाली आहे, पू हाडापर्यंत गेला आहे, आणि गुडघा ठेवायचा की काढायचा हे डॉक्टर बुधवारी सकाळी ठरवणार आहेत. आज रविवार. मी आत्ता त्यांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितो आहे. यात तुझा काय संबंध, असं तू म्हणशील. तेच सांगायला बसलो आहे.

मी काय काम करतो ते तू लोकांना 'दादा नकली पाय बनवतो' एवढ्या चार शब्दांत सांगतोस. पाय बनवणं सोपं आहे रे. प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर उरलेला पाय बसेल अशी प्लास्टिकची वाटी ओढायची, कानशीने घासायची, खाली नळी आणि पाऊल जोडायचं. खरं काम नंतर असतं, ते बघण्याचं. माणूस चालतो आणि मी बघतो. कंबर कुठे खचते, खांदा कुठे झुकतो, पाऊल आतल्या कडेवर पडतं की बाहेरच्या. मग घोट्यापाशी चार स्क्रू असतात, त्यातला एक किंचित सैल करायचा, समोरचा तितकाच घट्ट करायचा, आणि पुन्हा चाल म्हणायचं. हे बघणं मला कोणत्या शाळेने शिकवलं माहीत आहे? तू शिकवलंस. आपण शाळेतून परतताना बांधावर उभा राहून तू सगळ्या गावाच्या चालीची नक्कल करायचास. मास्तर, शिंपी, आपल्याच आत्याबाई. आत्याबाईंची केलीस तेव्हा त्या नेमक्या मागे उभ्या होत्या आणि 'मेल्या, मी अशी बदकासारखी चालते होय रे!' म्हणत तुझ्या मागे धावल्या, त्याही अगदी तशाच. मी हसून हसून खाली बसलो होतो. पण त्या दिवसापासून मला प्रत्येकाची चाल दिसायला लागली. मी सकाळी कामाला हात लावण्याआधी क्षणभर डोळे मिटतो. देवाजवळ दुसरं काही मागत नाही, नजर शाबूत ठेव एवढंच म्हणतो.

आमच्याकडे येणारी माणसं लांबून येतात. पाय घालून घरी गेली की महिन्याभरात उरलेला पाय बारीक होतो, वाटी सैल पडते, चाल बिघडते. पुन्हा या म्हणावं तर येण्याजाण्यात कोणाची मजुरी बुडते, कोणाची जनावरं उपाशी राहतात. म्हणून मी गेल्या दोन वर्षांत एक रीत बसवली होती. घरच्या कोणीतरी अंगणात फोन धरायचा, माणसाने त्याच्यासमोर दहा पावलं जायचं, दहा यायचं. इकडे मी तू दिलेल्या, तुझ्या मोबाइल कंपनीच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून मागच्या शेडमधला जुना संगणक जोडायचा, आणि त्याच्या मोठ्या पडद्यावर बघायचं. कार्यालयाची लाइन आमच्या शेडपर्यंत पोचत नाही, पोचली तरी त्या जाड भिंतींत गुदमरते. चाल पाहून मी सांगायचो, 'बाहेरचा स्क्रू पाव फेरा सैल करा, आतला तेवढाच घट्ट.' घरी जाताना प्रत्येकाला एक छोटी वाकडी चावी दिलेली असायची, आणि माझ्या शब्दाशिवाय तिला हात लावायचा नाही ही ताकीद. आठवड्याला वीस-पंचवीस माणसं अशी घरबसल्या नीट चालायला लागली. तुला मी हे कौतुकाने सांगितलं होतं. तू म्हणालास, 'वा दादा, आमच्या नेटवर्कवर अख्खं इस्पितळ चालवतोस की!' मला वाटलं, तुला आनंद झाला आहे.

मग तो सोमवार. एक गवंडी पडद्यावर चालत होता. त्याने पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. गवंडी गोठला. फोनवर निरोप आला, की आपल्या योजनेत ही सुविधा समाविष्ट नाही, योजना बदलण्यासाठी अमुक आकडा दाबा. हॉटस्पॉट बंद, आणि वर शिक्षा म्हणून महिनाभर वेगही उतरवलेला. मी कोपऱ्यावरच्या फोनवाल्याकडे गेलो आणि दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालून दे म्हणालो. त्याने घातलं. फोनने कार्ड थुंकलं. फोनवाला हसला. म्हणाला, 'काका, हा फोन तुमचा नाहीये. हा कंपनीचा आहे, तुमच्या खिशात राहतो एवढंच. दुसऱ्याचं कार्ड घेणार नाही. ज्याच्या नावावर आहे त्यानं अर्ज केला तर कुलूप काढतील.' ज्याच्या नावावर म्हणजे तुझ्या. आईच्या हातून मला भेट म्हणून देताना कुलपाचं तू बोलला नव्हतास. मला ठाऊक असतं तरी मी तो घेतला असता, ते वेगळं. पण भेट आणि कुलूप एकाच खोक्यात घालून देताना माणसाने निदान एवढं सांगावं.

त्या रविवारी तू घरी आलास. अर्जाचं विचारलं तर 'बघतो' म्हणालास. मग माझ्यासमोर बसून मला समजावलंस, आणि कबूल करतो, छान समजावलंस. टॉवर एक, त्याच्यातून एका वेळी जाणारा माल ठरलेला, सगळे संध्याकाळी एकदम त्यावर तुटून पडतात. फोनच्या छोट्या पडद्याला लागतं त्याच्या कितीतरी पट मोठ्या पडद्याला लागतं, आणि योजनेचा भाव ठरवताना धरलेलं असतं की बहुतेक लोक आपल्या वाट्याचं पुरतं वापरणारच नाहीत. कोणी कोणी एका स्वस्त कार्डावर अख्खं दुकान चालवतात आणि पुढे विकतात, त्यांना धरायचं तर सगळ्यांनाच एका चाळणीतून काढावं लागतं. आणि फोनचं कुलूप, तर कंपनी फोन स्वस्तात देते ते गिऱ्हाईक टिकावं म्हणून. तू बोटांवर मोजत एकेक कारण सांगत होतास, तुझी वहिनी मान हलवत होती, आईला काही कळत नव्हतं पण तिचा मुलगा बोलतोय म्हणून ती खूश होती.

तू सांगितलंस ते मी ऐकून घेतलं. आता बोलतो. चोराला धरायचं हे मला पटतं. टॉवर सगळ्यांचा आहे, एकाने ओरबाडू नये, हेही पटतं. पण मला दिवसाचा डेटा मोजूनच दिलेला होता आणि मी त्याच्या आतच राहत होतो. पाणी मोजून दिल्यावर मी ते पेल्यात घेतो की वाटीत, याची चौकशी करणारा तू कोण? आणि सकाळी साडेदहाला, जेव्हा तुझ्या टॉवरवर चिटपाखरू नसतं, तेव्हा माझा गवंडी दहा पावलं चालला तर कोणाच्या तोंडचा घास जातो? एक कारण तू सांगितलंच नाहीस. जे बंद केलं तेच दुसऱ्या नावाने, जास्त भावाने तुमच्याकडे विकायला ठेवलेलं आहे. आकडा दाबा म्हणतात तो त्याचाच. माणसाची गरज कुठे आहे ते हेरायचं, तिथे कुंपण घालायचं, मग कुंपणाला फाटक ठेवून फाटकावर बसायचं. याला तुम्ही धोरण म्हणता. आपल्या गावात असं करणाऱ्याला काय म्हणत ते तुला आठवतं आणि मलाही, आईच्या समोर हे पत्र वाचलंस तर म्हणून लिहीत नाही.

पण माझा राग कंपनीवर असता तर मी पत्र कंपनीला लिहिलं असतं. निघताना चपला घालता घालता तू अभिमानाने जे सांगितलंस त्यावर तो आहे. दर आठवड्याला यंत्र एक यादी काढतं, हॉटस्पॉट जास्त वापरणाऱ्या नंबरांची, आणि ती तुझ्या टेबलावर येते. प्रत्येकापुढे तू खूण करतोस, बंद करा किंवा राहू द्या. राहू द्या म्हणायलाही जागा आहे, हे तूच म्हणालास, इस्पितळं, शाळा यांच्यासाठी कारण लिहून सोडता येतं. 'तुझा नंबर दिसला दादा, एका सेकंदात ओळखला. तरी बंदची खूण केली. आपला माणूस म्हणून सोडला असता तर उद्या कोणी बोट दाखवलं असतं.' असं म्हणून तू माझ्याकडे पाहिलंस, शाबासकी मिळेल म्हणून. लहानपणी पाढे म्हणून झाल्यावर बघायचास, अगदी तसं. धाकट्या, तू मला भाऊ म्हणून सोडायचं नव्हतंस. माझं काम तुला माहीत होतं. त्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही नंबरामागे काय आहे हे तुला ठाऊक नव्हतं, या एकाच नंबरामागचं होतं. त्या रकान्यात तू चार शब्द खरे लिहायचे होतेस. तुला न्यायाची काळजी नव्हती, बोटाची होती. आणि बंद करणारच होतास तर आदल्या दिवशी एक फोन करून सांगता आलं नसतं?

आता पुढचं माझ्याबद्दलचं आहे; अर्धं लिहून थांबलो तर मीही तुझ्यासारखाच.

केंद्राने नवा फोन आणि नवी लाइन मंजूर करून हातात द्यायला अकरा दिवस घेतले. नवव्या दिवशी टपालबाईंचा फोन आला. त्यांना पहिल्या तारखेला पुन्हा टपाल उचलायचं होतं, नाहीतर त्यांची फेरी दुसऱ्याला देणार होते. पाऊल बाहेर पडतंय असं वाटतं, म्हणाल्या. त्या मला सुतारदादा म्हणतात, कारण पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात कानस पाहिली. 'सुतारदादा, पाय बेस केलात, आता चढही थोडा घासून कमी करून द्या की!' मी म्हणालो, चालून दाखवा. तळहाताएवढ्या पडद्यावर त्या बोटभर दिसत होत्या, आणि उतरवलेल्या वेगामुळे चित्र अडखळत होतं. पाऊल उचललेलं दिसे, मग एकदम टेकलेलं. मधलं पाऊल गायब. आमच्या धंद्यात सगळं त्या मधल्या पावलात असतं, सगळा भार एका पायावर येतो तेव्हा माणूस कुठे झुकतो त्यात. मी तीनदा चालायला लावलं. तिन्ही वेळा तेच. मला दिसत नव्हतं. मला दिसत नाही, हे मला कळत होतं.

त्या वेळी 'बाई, मला दिसत नाही, तुम्ही इकडे या' एवढंच म्हणायचं होतं. दीड दिवसाचा प्रवास, पहिली तारीख हुकली असती, त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या. मी ते म्हणालो नाही. सव्वीस वर्षं चाली पाहिलेला माणूस मी. न दिसलेलं मनाने भरून काढलं आणि ठामपणे सांगितलं, आतला सैल करा, बाहेरचा घट्ट. ते उलटं होतं. त्यांनी माझ्या शब्दावर स्क्रू फिरवला आणि सात वस्त्या चालल्या. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायाच्या टोकाला जाणीव कमी, त्यामुळे वाटीची कड रोज एकाच जागी घासत होती ते कळलंच नाही. मोजा लाल झालेला त्यांच्या मुलीने पाहिला तोवर दोन आठवडे गेले होते.

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही. सगळ्यांना तुझी खूण सांगत फिरलो.

— इथपर्यंत लिहून घडी घालून खिशात ठेवलं होतं. आज बुधवार, दुपार. गुडघा काढला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मुखपट्टी खाली ओढून नुसती मान हलवली त्यांनी. आता मांडीच्या मध्यापासून खाली काही नाही. टपालबाई शुद्धीवर आल्यावर मी आत गेलो. खाटेजवळ उभा राहिलो. त्याच म्हणाल्या, 'या सुतारदादा. आता याच्यावर नवा करायला तुम्हाला लांबलचक लाकूड लागेल.' मी त्यांना तिथेच, त्यांच्या मुलीसमोर सांगितलं की स्क्रू मी उलटा सांगितला होता. मला दिसत नव्हतं आणि तरी मी सांगितलं. त्यांनी चेहरा खिडकीकडे वळवला. मग म्हणाल्या, 'मला वाटलं माझंच फिरवायला चुकलं. जखम दिसल्यापासून मी स्वतःला बोल लावतेय.' आणि मग, 'हे आधी सांगायचं होतंत.' एवढंच. मुलगी मात्र उठली आणि माझ्या अंगावर ओरडली, फार बोलली. मी ऐकून घेतलं. ते ऐकण्यासाठीच मी गेलो होतो असं मला नंतर वाटलं. खाली येऊन आवारातल्या झाडापाशी उभा राहिलो. प्रार्थना करायला डोळे मिटले. नजर शाबूत ठेव म्हणायचो. ती त्याने ठेवली होती. जिथे काही दिसतच नव्हतं तिथे ती मिरवायला गेलो मी.

आता हे पत्र का, ते. आज सकाळपर्यंत ते शिव्या देण्यासाठी होतं. आता तसं नाही. केंद्राच्या चौकशी समितीने मला लेखी मागितलं आहे, सोमवारी द्यायचं आहे. तिथली सोपी वाट तयार आहे, रुग्णाने स्वच्छता पाळली नाही असं लिहा, सगळे सुटतात, असं आमच्या प्रमुख बाईंनी हळूच सुचवलं. मी तसं लिहिणार नाही. मी लिहिलं आहे की न दिसता सूचना देणारा मी, आणि त्याखाली माझं नाव. त्यानंतर लिहिलं आहे की चाल पाहण्याचं साधन कोणत्या कारणाने बंद झालं, आणि काम माहीत असताना 'राहू द्या'ची जागा मोकळी सोडून 'बंद'ची खूण कोणी केली. तिथे तुझं नाव, तुझा हुद्दा, आणि त्यापुढे नातं, सख्खा धाकटा भाऊ. त्यामुळे तुझी नोकरी जाईल का, मला माहीत नाही. माझी बहुधा जाईल. मागून कुठूनतरी तुला कळण्यापेक्षा माझ्याच अक्षरात आधी कळावं, म्हणून हे पत्र. सोमवारी अकरा वाजता मी तो कागद देतो. तुझं नाव मी काढणार नाही, मला गळ घालायला येऊ नकोस, आईलाही मध्ये घालू नकोस. पण यायचंच असेल तर आदल्या दिवशी ये, इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेपाशी. तिथे उभा राहून जे मी बोललो ते तुला बोलता आलं, तर समितीसमोर आपण दोघं बरोबर जाऊ.

तुझाच, नाइलाजाने आणि रक्ताने,
दादा